कर्नलमधील मेमरीचे इशारे : वाचन, निदान आणि दुरुस्ती

(धर्मापुरी, जि. बीड येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाची मुद्रित संहिता)

ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल हा संगणकातील सर्वाधिकारी प्रोग्राम होय. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांचे वाटप तोच करतो. एखाद्या साध्या प्रोग्रामने आपली नसलेली मेमरी वापरली तर कर्नल त्याला बंद पाडतो आणि बाकीची कामे चालू राहतात. तीच चूक कर्नलकडून झाली तर त्याला आवरणारे वर कोणी नसते. यंत्र तत्काळ बंद पडले तर ते त्यातल्या त्यात बरे. पुष्कळदा यंत्र चालूच राहते, दुसऱ्याच कामाचा डेटा बिघडतो आणि बिघाड दिसेपर्यंत मूळ जागेचा माग उरत नाही. अशी चूक घडत असताना पकडणारी साधने कर्नलमध्ये बसवलेली असतात. त्यांच्या इशाऱ्याचा अर्थ लावणे आणि त्यावर योग्य कृती करणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

चुकांचे प्रकार

बहुतेक कर्नल प्रामुख्याने सी भाषेत लिहिलेले आहेत. सी भाषा मेमरीचा पत्ता प्रोग्रामरच्या हाती देते. तो पत्ता हद्दीत आहे की नाही, हे ती तपासत नाही. त्यातून चार प्रकारच्या चुका संभवतात. पहिली, हद्दीबाहेरचा वापर : शंभर बाइट मागून घेतले आणि एकशे एकावा वाचला किंवा लिहिला. दुसरी, परत केलेल्या मेमरीचा वापर : तुकडा मोकळा केला, पण त्याचा पत्ता कोणाकडे तरी राहिला आणि नंतर वापरला गेला. तीच मेमरी दोनदा मोकळी करणे हाही याच घराण्यातला दोष. तिसरी, न भरलेल्या मेमरीचा वापर : तुकडा मिळाला, पण त्यात काही लिहिण्याआधीच त्यातले जुने मूल्य वाचून निर्णय घेतला गेला. चौथी, गळती : मेमरी घेतली, तिचा पत्ता हरवला आणि ती परत करण्याचा मार्गच उरला नाही. पहिल्या तीन चुकांतून यंत्र कोसळू शकते, गुपित बाहेर पडू शकते किंवा हल्लेखोराला आत शिरता येते. चौथीने यंत्र हळूहळू दमते.

महाराष्ट्राने पाहिलेले दोन परिणाम

१९ जुलै २०२४ रोजी मुंबईसह देशातील अनेक विमानतळांवर विमान कंपन्यांना प्रवाशांचे चेक-इन हाताने करावे लागले. काही ठिकाणी बोर्डिंग पासही हाताने लिहून दिले गेले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीचा एक भाग विंडोज कर्नलमध्ये चालतो. त्या भागासाठी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक नवी माहिती-फाइल जगभर पाठवली गेली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली गेली, पण तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख यंत्रे बाधित झाली. कंपनीने नंतर दिलेल्या कारणमीमांसेत दोष अगदी लहान निघाला. नव्या प्रकारच्या नियमांत २१ रकाने ठरवले होते, पण कर्नलमधील भागाला प्रत्यक्षात २० च मूल्ये पुरवली जात होती. आधीच्या फाइलींमध्ये एकविसाव्या रकान्यासाठी ‘काहीही चालेल’ अशी खूण असल्याने तो कधी वाचलाच गेला नाही. त्या दिवशीच्या फाइलीने तो प्रथमच वाचायला लावला आणि हद्दीबाहेरचे वाचन झाले.

त्याआधी २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने मर्स्क समूहाचे संगणक जगभर ठप्प केले. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडून चालवल्या जाणाऱ्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे काम त्यामुळे थांबले. नॉटपेट्या एका यंत्रातून दुसऱ्यात शिरायला चोरलेले पासवर्ड वापरत होता. त्याशिवाय इटर्नलब्लू नावाने ओळखली जाणारी विंडोज कर्नलमधील एक फटही. फाइल-वाटप करणाऱ्या ड्रायव्हरमध्ये ३२ बिटी आकार दुरुस्त करताना त्याचे फक्त खालचे १६ बिट बदलले जात होते. त्यामुळे घेतलेल्या जागेचा आकार आणि प्रत्यक्ष नक्कल केलेल्या मजकुराचा आकार यांत तफावत पडत होती. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दुरुस्ती प्रसिद्ध केली होती. ज्या यंत्रांवर ती बसवली नव्हती, तिथे ती फट उघडीच राहिली.

शोधक साधनांची घडण

अशा चुका चालू प्रोग्राममध्ये पकडण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९९० च्या दशकात प्युरिफाय आणि २००२ पासून वॅलग्रिंड ही साधने साध्या प्रोग्रामसाठी उपलब्ध झाली. २०१२ मध्ये गुगलमधील कोन्स्तान्तिन सेरेब्र्यानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲड्रेस-सॅनिटायझरची रीत मांडली. आंद्रेई र्‍याबिनिन यांनी तीच रीत लिनक्स कर्नलमध्ये आणली. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत केसॅन नावाने ती दाखल झाली. धर्मापुरीतल्या ज्या ज्या हातात अँड्रॉइड मोबाईल आहे, त्याच्या आत चालणारा कर्नल हाच लिनक्स आहे. त्यामुळे हा विषय दूरच्या प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

केसॅनचे काम दोन ठिकाणी चालते. कंपायलर कर्नल बांधताना मेमरीच्या वाचन-लेखनाआधी तपासणीची सूचना घालतो. दुसरीकडे प्रत्येक ८ बाइटमागे एक बाइट एका स्वतंत्र नोंदवहीसाठी राखला जातो. तिला छाया-मेमरी म्हणतात. छाया-बाइटमध्ये शून्य असेल तर आठही बाइट वापरता येतात. १ ते ७ पैकी आकडा असेल तर सुरुवातीचे तेवढेच बाइट वापरता येतात. त्यापलीकडचे राखीव आकडे मनाई दाखवतात आणि मनाईचे कारणही सांगतात. धर्मापुरीच्या शिवारात दोन शेतांमध्ये बांध असतो. तो कोणाच्याच पेऱ्यात नसल्याने त्यावर नांगर फिरला की लगेच कळते. केसॅन मेमरीच्या तुकड्याभोवती असाच न वापरायचा पट्टा सोडतो. मात्र नांगर बांधाला न शिवता थेट पलीकडच्या शेतात उतरला, तर केसॅनला तो दिसत नाही, कारण तिथली मेमरी दुसऱ्याची का होईना, पण वापरातली असते.

मोकळ्या केलेल्या मेमरीसाठी निराळी युक्ती आहे. तुकडा परत आला की तो लगेच दुसऱ्याला न देता काही काळ विलगीकरणात ठेवला जातो. त्या अवधीत कोणी जुना पत्ता वापरला तर चूक उघडी पडते.

इतर दोषांसाठी इतर साधने आहेत. गळतीसाठी केमेमलीक हे साधन २००९ च्या २.६.३१ आवृत्तीपासून आहे. न भरलेल्या मेमरीसाठी त्याच आवृत्तीत आलेले केमेमचेक पुढे काढून टाकले गेले. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत आलेले केएमसॅन आता ते काम करते. एकाच मेमरीवर दोन प्रवाहांनी एकाच वेळी हात घालण्याचा दोष केसीसॅन शोधते. विंडोजमध्ये ड्रायव्हर व्हेरिफायर विंडोज २००० पासून आहे. अलीकडे तिथेही केसॅनची रीत पोहोचली आहे.

इशारा कसा वाचावा

केसॅनच्या स्वतःच्या चाचण्यांमधील एक उदाहरण बोलके आहे. कर्नलकडे १२३ बाइट मागितले जातात. कर्नल ठरावीक मापांचेच तुकडे ठेवत असल्याने तो १२८ बाइटचा तुकडा देतो. चाचणी मुद्दाम १२४ व्या बाइटवर लिहिते. केसॅन नसताना इथे काहीच होत नाही. उरलेले पाच बाइट रिकामेच असतात आणि चूक वर्षानुवर्षे झाकलेली राहते. पुढे कोणी मागणी १२८ बाइटवर नेली की तीच चूक शेजारच्या तुकड्यात लिहू लागते. केसॅनच्या छाया-मेमरीत मात्र पंधरा शून्ये, त्यानंतर ०३ आणि त्यापुढे एफसी असे आकडे दिसतात. पंधरा आठे एकशे वीस आणि तीन मिळून एकशे तेवीस. ०३ या बाइटभोवती चौकटी कंस टाकून केसॅन नेमकी जागा दाखवतो. एफसी ही पट्ट्याची खूण आहे. तिथे एफबी असते तर तुकडा आधीच मोकळा झाला होता, असा अर्थ निघाला असता.

कोणताही इशारा वरून खाली, क्रमाने वाचावा. पहिल्या ओळीत दोषाचा प्रकार आणि फंक्शनचे नाव असते. दुसऱ्या ओळीत वाचन होते की लेखन, किती बाइटचे आणि कोणत्या कामाच्या ओघात, हे असते. लेखन बहुधा जास्त घातक. तरी वाचनाला किरकोळ समजू नये, कारण १९ जुलैची चूक वाचनाचीच होती. त्यानंतर कर्नल ‘टेंटेड’ आहे का ते पाहावे. बाहेरचे किंवा बंद स्रोताचे मॉड्यूल चढवलेले असेल तर संशयाची व्याप्ती वाढते.

पुढे फंक्शन-हाकांच्या साखळ्या येतात. पहिली साखळी चुकीचा वापर कुठे झाला ते सांगते, दुसरी मेमरी कोणी घेतली ते आणि तिसरी, असल्यास, ती कोणी मोकळी केली ते. साखळीत ज्या ओळीआधी प्रश्नचिन्ह असते ती खात्रीची नसते. पत्त्यांवरून फाइल आणि ओळ क्रमांक काढण्यासाठी कर्नलच्या स्रोतासोबतच स्क्रिप्ट येते, पण त्यासाठी ज्या बांधणीत इशारा आला तीच डीबग माहितीसह जपून ठेवलेली हवी. नव्याने बांधलेल्या कर्नलवर जुन्या इशाऱ्याचे पत्ते लावले तर ओळी चुकतात आणि सगळा तपास भरकटतो.

एकाच वेळी अनेक इशारे आले तर पहिला धरावा. मेमरी एकदा बिघडली की नंतरचे इशारे बहुधा त्याचेच पडसाद असतात. म्हणूनच केसॅन नेहमीच्या मांडणीत फक्त पहिलाच इशारा छापतो.

निदान : चूक दिसते एकीकडे, असते दुसरीकडे

हद्दीबाहेरच्या वापरात आकाराचे गणित तपासावे लागते. लांबी कोठून आली, बाहेरून आलेल्या लांबीची शहानिशा झाली का, गुणाकारात आकडा ओसंडला का, शेवटच्या शून्य-बाइटसाठी जागा धरली का, या प्रश्नांनी बहुतेक प्रकरणे सुटतात.

परत केलेल्या मेमरीचा वापर अधिक अवघड, कारण तिथे प्रश्न मालकीचा आणि काळाचा असतो. यूएसबी उपकरणाचा ड्रायव्हर घेऊ. उपकरण जोडताच तो माहितीसाठी मेमरी घेतो आणि काही काम ‘नंतर करावे’ म्हणून कर्नलच्या कार्यरांगेत टाकतो. वापरणारा उपकरण उपटून काढतो. ड्रायव्हरचे निरोपाचे फंक्शन मेमरी मोकळी करते, पण रांगेतले काम शिल्लकच असते. क्षणभराने ते सुरू होते आणि मोकळ्या मेमरीला हात घालते. इशाऱ्याच्या पहिल्या साखळीत कार्यरांगेचे फंक्शन दिसते, तिसरीत निरोपाचे. नवखा प्रोग्रामर पहिल्या जागी ‘पत्ता रिकामा नसेल तरच पुढे जा’ अशी अट घालतो. त्याने चाचणी पार पडते, दोष जात नाही. अट तपासणे आणि मेमरी वापरणे यांच्या मधल्या क्षणातही ती मोकळी होऊ शकते. खरी दुरुस्ती निरोपाच्या फंक्शनमध्ये असते : रांगेतले काम रद्द करावे, चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबावे आणि मगच मेमरी सोडावी. जिथे एकाच तुकड्याचे अनेक वापरकर्ते असतात तिथे संदर्भ-मोजणी लागते. जिथे वाचक कुलूप न लावता वाचतात तिथे सगळे वाचक बाहेर पडेपर्यंत मोकळीक लांबवणारी आरसीयूची पद्धत लागते.

न भरलेल्या मेमरीच्या इशाऱ्यावर ‘सगळी मेमरी शून्याने भरून टाका’ हा उपाय चटकन सुचतो. कधी तो बरोबरही असतो. एखादी रचना कर्नलमधून वापरकर्त्याकडे पाठवताना तिच्या घटकांमधल्या रिकाम्या जागांतून कर्नलचा जुना डेटा बाहेर जात असेल तर रचना आधी शून्याने भरणे हीच दुरुस्ती. पण ड्रायव्हरने उपकरणाकडे सहा बाइट मागितले, उपकरणाने दोनच दिले आणि ड्रायव्हरने सहाही खरे मानले, तर शून्य भरल्याने इशारा थांबतो आणि उरलेल्या चार बाइटांची शून्ये खरी माहिती म्हणून पुढे जातात. इथे मिळालेली लांबी तपासून चूक परत कळवणे आवश्यक असते.

खोटे इशारे आणि इशारा गप्प करणे

प्रत्येक इशारा खरा असतोच असे नाही. मजकूर वेगाने हाताळण्यासाठी कर्नल काही ठिकाणी एकेक अक्षर न वाचता प्रोसेसरच्या शब्दाएवढे, म्हणजे आठ बाइट, एकदम वाचतो. मजकूर मध्येच संपला तर उरलेले बाइट हद्दीबाहेरचे असतात, पण ते वापरले जात नाहीत. केसॅन तरीही तक्रार करतो. २०१८ मध्ये यासाठी असे शब्दाएवढे वाचन करणारे एक वेगळे फंक्शन कर्नलमध्ये घातले गेले आणि सवलत तेवढ्या वाचनापुरती ठेवली गेली. केएमसॅनला उपकरणाने किंवा असेंब्ली भाषेतील तुकड्याने भरलेली मेमरी न भरलेली वाटू शकते; तिथे ‘ही भरलेली आहे’ असे स्पष्ट कळवावे लागते.

सवलतीचा क्रम ठरलेला आहे. शक्य तोवर एका वाचनापुरती, नाही तर एका फंक्शनपुरती, अगदीच इलाज नसेल तर एका फाइलपुरती तपासणी बंद करावी. आणि ती का बंद केली, हे शेजारीच लिहावे. कारण लिहिता येत नसेल तर इशारा खोटा असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे समजावे.

या शिस्तीचे मोल डेबियन प्रकरणात दिसले. ते कर्नलबाहेरचे असले तरी धडा तोच आहे. ओपन-एसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीत न भरलेल्या मेमरीबद्दल वॅलग्रिंड आणि प्युरिफाय इशारे देत होते. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या आवृत्तीतून त्यासाठी दोन ठिकाणची सारखीच दिसणारी ओळ काढण्यात आली. त्यातली एक काढण्याजोगी होती. दुसरी मात्र यादृच्छिकता गोळा करणारी मुख्य ओळ होती. इशारे थांबले; त्याबरोबर किल्ल्यांमधली जवळजवळ सगळी यादृच्छिकताही गेली. उरला फक्त प्रक्रियेचा क्रमांक, ज्याची शक्य मूल्ये जेमतेम ३२,७६८ होती. मे २००८ मध्ये दोष उघडकीला आला, तेव्हा जगभरच्या असंख्य यंत्रांवरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. सारख्या दिसणाऱ्या दोन ओळींचा स्वतंत्र विचार झाला असता तर हे टळले असते.

गळतीचे इशारे

केमेमलीकची पद्धत वेगळी आहे. ते नेहमीच्या मांडणीत दर दहा मिनिटांनी कर्नलची मेमरी चाळते आणि ज्या तुकड्याचा पत्ता कुठेच सापडत नाही त्याला संशयित ठरवते. ही शक्यता आहे, शाबिती नाही. पत्ता त्या क्षणी प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये असू शकतो किंवा बदललेल्या रूपात साठवलेला असू शकतो. म्हणून एका फेरीवर निष्कर्ष काढू नये. नोंदी पुसून, तीच कृती पुन्हा करून, पुन्हा चाळणी लावावी. कृतीच्या प्रमाणात नोंदी वाढत असतील तर गळती खरी. ती बहुधा चूक हाताळणाऱ्या वाटेवर सापडते : तीन गोष्टी घ्यायच्या होत्या, तिसरी मिळाली नाही आणि फंक्शन पहिल्या दोन परत न करताच मागे फिरले.

न चाललेली वाट आणि प्रत्यक्ष वापरातील यंत्रे

ही साधने घडलेली चूकच पकडतात. एकविसावा रकाना कोणी वाचलाच नाही तर कोणताही शोधक गप्पच राहणार. म्हणून शोधकाच्या जोडीला वाटा धुंडाळणारे साधन लागते. गुगलमधील द्मित्री व्युकोव यांनी सुरू केलेले सिझकॉलर कर्नलला चित्रविचित्र विनंत्या पाठवत राहते आणि ज्या विनंतीने नवी वाट चालली ती जपून पुढे तिच्यात फेरफार करते. २०१७ पासून सिझबॉट ही यंत्रणा असे दोष आपोआप कळवते आणि जमेल तेव्हा दोष पुन्हा घडवणारा छोटा प्रोग्रामही देते. तो प्रोग्राम हाती असला की निम्मे काम झाले. दोष कोणत्या बदलाने आला ते निम्मेनिम्मे करत शोधता येते. हजार बदलांतून दहा पायऱ्यांत नेमका बदल हाती लागतो.

केसॅनने यंत्र मंदावते आणि मेमरी जास्त लागते, म्हणून तो चाचणीत वापरतात. प्रत्यक्ष वापरातील यंत्रांसाठी २०२१ च्या ५.१२ आवृत्तीत केफेन्स आले. ते सगळ्या तुकड्यांवर पहारा ठेवत नाही. साधारण १०० मिलिसेकंदांतून एक तुकडा निवडून मनाईच्या पानांमध्ये ठेवते आणि त्यासाठी सुमारे २ मेगाबाइट मेमरी वापरते. एका यंत्रावर चूक सापडण्याची शक्यता कमी, पण हजारो यंत्रांवर मिळून ती सापडते. आर्म प्रोसेसरमध्ये दर १६ बाइटला ४ बिटांचा टॅग लावण्याची सोय आली आहे. पत्त्याचा आणि मेमरीचा टॅग जुळला नाही की प्रोसेसरच हरकत घेतो. ४ बिटांत १६ च मूल्ये बसत असल्याने टॅग योगायोगाने जुळून एखादी चूक निसटू शकते.

कामाचा क्रम

हा सगळा अभ्यास महागड्या यंत्राविना होतो. साध्या लॅपटॉपवर क्यूईएमयू या आभासी यंत्रात केसॅनसह बांधलेला कर्नल चालवता येतो आणि त्याच्या स्वतःच्या चाचण्यांतून प्रत्येक प्रकारचा इशारा मुद्दाम घडवून पाहता येतो. मराठवाड्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ऑपरेटिंग सिस्टीमचा पेपर याहून जवळून समजण्याची सोय क्वचितच असेल.

प्रत्यक्ष काम करताना क्रम असा ठेवावा. पहिला इशारा आणि त्याची बांधणी जपावी. ओळ क्रमांक काढावेत. दोष पुन्हा घडवावा. मेमरीचा मालक कोण आणि तिचे आयुष्य कोठपर्यंत, हे ठरवावे. मग मूळ जागी दुरुस्ती करावी. दुरुस्तीआधी इशारा येतो आणि नंतर येत नाही, हे दोन्ही पडताळावे. दोष आणणाऱ्या मूळ बदलाच्या ओळख-क्रमांकाची पहिली बारा अक्षरे दुरुस्तीच्या नोंदीत लिहावीत, म्हणजे जुन्या कोणत्या स्थिर आवृत्त्यांना ती हवी हे ठरवता येते. तीच चूक पकडणारी चाचणी शक्य असेल तिथे कायमची जोडावी. शेवटी ज्या यंत्रांवर तो कर्नल चालतो त्या यंत्रांवर दुरुस्ती बसवावी. ती बसेपर्यंत प्रकरण मिटले असे मानता येत नाही.